मापात पाप

कॅथलिक चर्चमध्ये रविवारी बायबलमधून काय वाचायचं हे अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात ठरलेलं असतं. गेल्या ‘क’ वर्षात, सामान्य काळाच्या (मोठ्या सणांचे आणि उपासाचे काळ सोडून उरलेल्या दिवसांच्या) पंचविसाव्या रविवारी वसई पट्ट्यातल्या एका चर्चमध्ये घडलेली ही गोष्ट. सकाळची मराठी मिस्सा (रविवारची उपासना), पाऊस नुकताच उघडलेला, बाकांखाली छत्र्यांचं पाणी. पहिल्या वाचनाला एक तरुण वाचक पुढे गेला, ग्रंथ उघडला आणि यशया संदेष्ट्याचा पंचावन्नावा अध्याय वाचू लागला. परमेश्वर जवळ आहे तोवर त्याला हाक मारा, त्याचे विचार ते आपले विचार नव्हेत. उच्चार स्वच्छ, आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. फक्त तो उतारा त्या दिवसाचा नव्हता. त्या रविवारी जुन्या करारातला संदेष्टा आमोस वाचायचा होता, आठव्या अध्यायातली चार ते सात ही चार वचनं. वाचन संपलं, वाचकाने ‘प्रभूचा शब्द’ म्हटलं आणि भरल्या चर्चने एका सुरात ‘देवाला धन्यवाद’ म्हटलं. कुणाची भुवईही हलली नाही. फादरांच्या लक्षात आलं असावं. पण भर मिस्सेत थांबवून परत वाचायला लावलं असतं तर ते त्या पोराला जन्मभर पुरलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि बरंच केलं.

पान चुकलं हे समजू शकतं. तो धन्यवाद मात्र घशात अडकून राहतो.

पान चुकतं कसं, हे वाचनग्रंथ हाताळणाऱ्याला लगेच कळेल. काही ग्रंथांत एकेका रविवाराच्या मथळ्याखाली अ, ब, क या तिन्ही वर्षांची वाचनं पाठोपाठ छापलेली असतात. वाचक ‘पंचविसावा रविवार’ हा मथळा शोधतो, तो सापडला की सुटकेचा श्वास टाकतो आणि खाली दिसेल ते पहिलं वाचन सुरू करतो. मथळा बरोबर, वर्ष चुकीचं. त्यात पावसाळी हवेने पातळ पानं एकमेकांना चिकटलेली, खुणेची फीत गेल्या आठवड्याच्या जागीच राहिलेली. यावर उपाय अगदी साधा आहे. मिस्सेच्या पंधरा मिनिटं आधी वाचनपीठापाशी जावं, ग्रंथ उघडावा, काळ कोणता, रविवार कितवा, वर्ष कोणतं या तीन गोष्टी बोट ठेवून पाहाव्यात, मग फीत सरळ करावी. घरी तयार केलेल्या उताऱ्याचे पहिले चार शब्द आणि समोरच्या पानावरचे पहिले चार शब्द एकच आहेत ना, हे ताडून पाहावं. दुसरं वाचन करणाऱ्यानेही त्याच वेळी आपलं पान पाहून घ्यावं, कारण पहिला वाचक जाताना सवयीने ग्रंथ मिटून टाकतो. मोबाइलवरून वाचणाऱ्यांची चूक निराळी असते. बरीचशी अ‍ॅप्स परदेशी दिनदर्शिकेवर चालतात, आणि काही सण तिकडे एका दिवशी तर इकडे दुसऱ्या दिवशी असतात.

वर्ष ओळखायला पंचांग लागत नाही. सालातल्या आकड्यांची बेरीज करायची. तिला तीनने पूर्ण भाग गेला तर ‘क’ वर्ष, एक उरला तर ‘अ’, दोन उरले तर ‘ब’. 2025 ची बेरीज नऊ, म्हणून ‘क’. मात्र उपासनेचं वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला बदलतं. तेव्हापासून पुढचं साल धरायचं. ‘अ’ वर्षात मत्तयाचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचा ग्रंथ), ‘ब’ वर्षात मार्काचं, ‘क’ वर्षात लूकचं. योहानाला स्वतःचं वर्ष नाही. तो ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात, ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळात आणि ‘ब’ वर्षात जीवनाच्या भाकरीवरच्या सहाव्या अध्यायासाठी सलग पाच रविवार येतो. ही रचना 30 नोव्हेंबर 1969 पासून लागू झाली. त्याआधीच्या लॅटिन मिस्सेत रविवारी जुना करार क्वचितच कानावर पडायचा, आणि पडला तरी कळणार किती जणांना? गोव्यात 1616 साली राशोलला फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं आणि चर्चमधून गायलं जाऊ लागलं, तेव्हा इथल्या माणसाला बायबलची कथा निदान ओवीतून भेटली. आमोससारखा कडवट संदेष्टा भाविकांच्या रविवारात येऊन बसला तो मात्र अगदी अलीकडे. म्हणून तो हुकला की जास्त हळहळ वाटते. त्या चर्चमध्ये न वाचलेली ती चार वचनं रविवारच्या वाचनात आता 24 सप्टेंबर 2028 रोजी येतील.

काय आहे त्या चार वचनांत? व्यापारी बोलताहेत. अमावास्येचा सण कधी संपतो आणि आम्ही धान्य विकायला काढतो. शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) कधी सरतो आणि कोठार उघडतो. एफा लहान करू, शेकेल जड करू, तराजूत खोट करू. गरिबाला चांदीवर विकत घेऊ, दुबळ्याला वहाणांच्या एका जोडावर. गव्हाचं भूसकटसुद्धा विकू. यातली लबाडी दुहेरी आहे, आणि ती समजली नाही तर वाचन नुसतं रागावल्यासारखं वाटतं. एफा हे धान्य मोजायचं भांडं, साधारण 22 लिटरचं. शेकेल हे वजन, सुमारे 11 ग्रॅमचं. तेव्हा नाणी नव्हती. गिऱ्हाईक चांदीचे तुकडे आणायचं आणि ते तराजूत घालून तोलले जायचे. दुकानदार धान्य देताना भांडं लहान वापरणार आणि चांदी घेताना दगड जड ठेवणार. देताना कमी, घेताना जास्त, आणि दोन्ही वेळा हात त्याचाच. असे दोन वेगळे दगड थैलीत बाळगू नका, असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात बजावलेलं आहे. म्हणजे युक्ती जुनीच.

बोलणारा आमोस मूळचा यहूदातल्या तकोवा गावचा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, दुसऱ्या यराबाम राजाच्या भरभराटीच्या काळात, तो उत्तरेकडच्या राज्यात बेथेलला जाऊन हे बोलला. धंद्याने गुराखी, शिवाय उंबराच्या कुळातल्या झाडांची निगा करणारा. त्या फळांना हाताने चीर दिल्याशिवाय ती नीट पिकत नाहीत. बेथेलच्या पुजाऱ्याने त्याला सरळ सांगितलं, तुझ्या गावी जा आणि तिथे पोट भर. सरकारी देवळात असलं बोलणं नको होतं. तेव्हा त्याला हाकलून लावलं. आपल्याकडे पान चुकून गेला.

त्याच्या न येण्याने पुढचं सगळंच लटकलं, हे कितीजणांना जाणवलं असेल कोण जाणे. सामान्य काळात पहिलं वाचन शुभवर्तमानाला धरून निवडलेलं असतं आणि मधलं स्तोत्र हे पहिल्या वाचनाला दिलेलं उत्तर असतं. त्या रविवारचं स्तोत्र एकशे तेरावं: देव गरिबाला धुळीतून उठवतो, उकिरड्यावरून उचलून सरदारांच्या पंगतीत बसवतो. ज्या माणसाची किंमत आत्ताच एक वहाणजोड ठरली होती, त्याला हे उत्तर. आमोस नसेल तर हे उत्तर कुठल्या प्रश्नाला? तसंही पुष्कळ ठिकाणी गायकवृंद स्तोत्राच्या जागी सगळ्यांना पाठ असलेलं एखादं गीत घेतो. चाल छान असते, लोक गातातही. पण उत्तर बदलून जातं.

मग लूकचा सोळावा अध्याय, तो लबाड कारभारी. प्रवचनकारांना घाम फोडणारा दाखला. मालकाने कामावरून काढायचं ठरवल्यावर हा ऋणकऱ्यांना बोलावून दस्त बदलून देतो. शंभर बथ तेलाचे पन्नास कर, शंभर कोर गव्हाचे ऐंशी कर. बथ आणि एफा यांचं माप सारखंच, एक द्रवाचं, एक धान्याचं; कोर म्हणजे दहा एफा. म्हणजे तेल सुमारे 2200 लिटर, गहू सुमारे 22,000 लिटर. ही घरगुती उधारी नाही, ही मोठ्या जमीनदाराची वसुली आहे. आमोसच्या व्यापाऱ्याने माप लहान केलं ते स्वतःसाठी. कारभाऱ्यानेही आकडा लहान केला, तोही स्वतःसाठीच. पण त्या पेनाच्या फटकाऱ्यात ऋणकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दाखला जरा उलगडतो, निदान बोचतो तरी. त्यात या शुभवर्तमानाचं छोटं रूप वाचायचीही मुभा आहे, दहाव्या वचनापासून. ते घेतलं तर कारभारीच गायब होतो आणि उरतं ते ‘देव आणि धन यांची चाकरी एकदम करता येत नाही’ हे वाक्य, ज्यावर कुणाचंच दुमत नसतं आणि म्हणून कुणाचं काही बिघडतही नाही. दुसऱ्या वाचनाचं मात्र वेगळं आहे. सामान्य काळात पत्रं आपल्या क्रमाने पुढे सरकत असतात. त्या दिवशी तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे होतं. त्याला ओढूनताणून आमोसशी जोडू नये. तिन्ही वाचनं एकाच दोरीत ओवायच्या नादात प्रवचन वीस मिनिटांवर जातं.

आता समजा पान बरोबर असतं. तरी आमोस ऐकू गेला असता का?

चार वचनांचं वाचन मिनिटभरात संपतं. लोक नुकतेच बसलेले असतात, बाकं करकरत असतात, कुणी पोराला पाणी देत असतं. वाचकाने लगेच तोंड उघडलं तर पहिलं वचन त्या आवाजात जातं, आणि पहिल्या वचनातच ‘गरिबांना तुडवणाऱ्यांनो, ऐका’ ही हाक आहे. म्हणून ग्रंथ उघडल्यावर पाच-सहा सेकंद नुसतं उभं राहावं. ते अवघड वाटतं, पण शांतता आपोआप उतरते. त्यानंतरची अडचण अशी की या उताऱ्यात आवाजात आवाज आहे. आधी संदेष्टा बोलतो, मग त्याच्या तोंडून व्यापारी, शेवटी परमेश्वर. नाटक करायचं नाही. पण व्यापाऱ्यांचं बोलणं सुरू होताना आणि संपताना एक श्वास घेतला नाही, तर ‘एफा लहान करू’ हे देवच म्हणतोय असं मागच्या बाकाला वाटू शकतं. शेवटची गोम खास मराठीची. आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला असतं, नकार त्याच्याही पुढे, आणि वाचकांचा आवाज नेमका तिथेच खाली येतो. या वाचनाचं शेवटचं वाक्य म्हणजे परमेश्वराची शपथ: त्यांची कृत्यं मी कधीही विसरणार नाही. उंच छताच्या जुन्या दगडी चर्चमध्ये घुमणाऱ्या आवाजाने तो ‘नाही’ गिळला, की देवच सारं विसरून मोकळा होतो. वाक्याचा शेवट आवाज उचलून, सावकाश वाचायचा. माइक तोंडासमोर न ठेवता हनुवटीच्या खाली, वीतभर अंतरावर. नाहीतर प, फ, भ यांचे स्फोट होतात आणि ‘प्रभूचा शब्द’ म्हणताना तर दोन. गुरुवारी उतारा हातात घ्यावा, आधी पूर्ण अध्याय बायबलमधून वाचावा, मग उतारा मोठ्याने तीनदा. घरी सामवेदी किंवा वाडवळी या वसईकडच्या बोली बोलणाऱ्याला ग्रंथातली मराठी परकी वाटते. ती तोंडात बसायला तेवढा वेळ लागतोच.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे पान चुकलं असतं तर बहुधा तिथल्या तिथे कळलं असतं. नगर-सोलापूरकडे मंडळीतली माणसं स्वतःचं बायबल काखेत घेऊन येतात. अध्याय सांगितला की पानांची सळसळ होते आणि बोट वचनावर जातं. अर्थात तिथे चूक पकडली जाते ती वाचणाऱ्याची. उतारा निवडणाऱ्याची पकडणं कठीण. जिथे पाळकच उतारा ठरवतात तिथे काही लाडके अध्याय वर्षातून चारदा येतात आणि आमोस बारा वर्षं येत नाही. आमच्याकडे निवड कुणाच्याच हातात नाही, ही मला मोठी सोय वाटते. न आवडणारं वाचन ठरल्या रविवारी येऊन उभं राहतं, फादरांना ते आवडो न आवडो. पण सोयीची सवय होते, आणि सवयीने कान बंद होतात.

आमोसने ज्यांना धरलं ते लोक उपासना चुकवणारे नव्हते. अमावास्या पाळत होते, शब्बाथाला दुकान बंद ठेवत होते. फक्त बसल्या बसल्या हिशेब चालू होता, की हे कधी आटपतं. मिस्सेत प्रवचन लांबलं की मनगटाकडे जाणारी नजर त्याच जातीची आहे. बाहेर बाजार वाट पाहत असतो, दुपारी पाहुणे असतात, कोंबडी आणायची असते. यात काही महापाप आहे असं नाही. पण उपासना आणि बाजार यांच्यामधला दरवाजा आपणच लावून घेतो, आणि आमोस नेमका तिथे उभा राहतो.

‘मापात पाप’ हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग. कोकणपट्टीत भात पायलीने मोजलं जायचं तेव्हा शीग लावून द्यायचं की हात फिरवून सपाट, यावर भांडणं व्हायची. घेताना शीग, देताना सपाट. भांड्याला आतून पोचा, मोजताना अंगठा आत. आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, वैधमापनवाल्यांचा शिक्का आला, तरी मिठाई खोक्यासकट तोलली जाते आणि पुठ्ठ्याला पेढ्याचा भाव लागतो. मासळीबाजारात वाट्यावर विक्री; तिथे तराजूच नाही, नजरेचा सौदा, मोठी मासळी वर आणि बारीक खाली. पण हे सगळं विकणाऱ्याचं झालं. रविवारी बाकांवर बसलेल्यांत विकणारे थोडे आणि कामाला माणसं लावणारे पुष्कळ असतात. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार एक तारखेला द्यायचा तो आठ-दहा तारखेला जातो. दोन खाडे झाले की पैसे कापले जातात. जादा पाहुण्यांची भांडी घासली त्याचे मोजले जात नाहीत. हा एक लहान एफा आणि एक जड शेकेल आहे. नाताळात साडी दिली जाते आणि पगारवाढीचा विषय निघाला की ‘बघू’ म्हटलं जातं. दान हा मजुरीचा पर्याय होऊ शकत नाही. याकोबाच्या पत्रात तर न दिलेली मजुरीच ओरडते. ते वाचन ‘ब’ वर्षातल्या सव्विसाव्या रविवारी येतं, म्हणजे पुढचं 2027 मध्ये.

वाचन आठवडाभर जवळ ठेवायचं म्हणून लोक काय काय करतात ते पाहिलं, तर बहुतेक बेत सोमवारी दुपारपर्यंतही टिकत नाहीत. कारण संकल्प फार ऐसपैस असतो: गरिबांना मदत करीन, प्रामाणिक राहीन. आमोसचं वचन पावतीवरचं आहे, तर त्याचा संकल्पही रुपयांत हवा. शनिवारी रात्री पहिलं वाचन आणि शुभवर्तमान घरात कुणीतरी मोठ्याने वाचावं, दहा मिनिटं पुरतात. कोणती गोष्ट दोन्हीकडे येते ते शोधावं. या रविवारी ती सापडते, माप. मग आपल्याकडून कुणाचं येणं अडलं आहे, त्याचं एकच नाव कागदावर लिहावं आणि पुढच्या रविवारच्या आत ते फेडावं. रिक्षावाल्याचे सुटे, सुताराची उरलेली रक्कम, भावाच्या वाट्याची घरपट्टी. यात बिघडतं ते दोन ठिकाणी. ऐकता ऐकता ‘हे वचन अमक्याला बरोबर लागू पडतं’ असं वाटतं, आणि तो अमका नेमका दोन बाकं पुढे बसलेला असतो. दुसरं म्हणजे पैसे देताना आपण उपकार केल्याचा चेहरा करतो. उशिरा दिलेल्या मजुरीवर आभाराची अपेक्षा करणं, हे भूसकट गव्हाच्या भावात विकण्यासारखंच आहे.

यशयाच्या त्या उताऱ्याचीही स्वतःची जागा आहे, आणि ती फार नेमकी आहे. तो ‘अ’ वर्षातला. 2026 मध्ये 20 सप्टेंबरला. त्याच्याबरोबर मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला येतो. मालक पहाटे नाक्यावर जातो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. दिवसभर रिकामे का उभे, तर आम्हाला कुणी बोलावलंच नाही. हे वाचन मुंबईत किंवा वसई-विरारला समजावून सांगावं लागत नाही. मजूर अड्ड्यावर थापी-फावडं घेऊन उभी असलेली माणसं मिस्सेला येताना वाटेतच दिसतात, आणि सकाळी दहा-अकरापर्यंत कुणी नेलं नाही तर दिवस बुडाला, हे सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दीनार, एका दिवसाची मजुरी. माझे विचार ते तुमचे विचार नव्हेत, हे यशयाचं वाक्य या हिशेबाच्या शेजारी ठेवलेलं आहे. आमोसच्या जागी वाचलं की ते नुसतं गोड सुभाषित होतं.

दाखल्यातला एक बारीक तपशील ऐकताना हमखास निसटतो. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. पहाटेच्यांना आधी दिले असते तर ते आपला दीनार कनवटीला लावून घरी गेले असते, मागे कुणाला किती मिळाले हे त्यांना कळलंही नसतं, आणि कुरकुर झालीच नसती. मालकाने तंटा टाळला नाही, समोर आणला. शुभवर्तमान वाचणाऱ्या फादरांनी ‘शेवटच्यांपासून’ या शब्दापाशी अर्धा क्षण थांबलं, तर बाकांवर बसलेले, माणसं कामाला लावणारे आणि नाक्यावर उभे राहणारे, दोघेही तिथे मान वर करतील.